सात घरं, एक अंगण आणि सुट्या विटांची ऑर्डर : आर्टिस्ट व्हिलेजच्या प्रतिकृतीचं प्रकरण

लेगोच्या सुट्या विटा मागवून स्वतःच्या आराखड्याची इमारत उभी करणाऱ्यांची गाडी बांधताना फारशी अडत नाही, ती मागवताना अडते. सेट विकत घेतला तर डब्यात सगळं मोजून आलेलं असतं. आराखडा आपला असला की कुठली वीट, कुठल्या रंगात, किती आणि कुणाकडून, हे सगळं आपल्याच डोक्याला. त्यात भारतातून मागवायचं म्हणजे टपालखर्च, कस्टम्स आणि वाट पाहणं आलंच. इथे मांडतोय ते प्रकरण अशाच एका ऑर्डरचं आहे. माझं ठाम मत असं की सुट्या विटांची यादी ही आराखडा संपल्यावर करायची खरेदी नव्हे. ती आराखड्याचाच भाग आहे, आणि आराखडा हलवता येतो तोवरच ती हलवायला हवी. या कामात हे पदोपदी दिसलं.

काय बांधायचं होतं

नवी मुंबईतल्या सीबीडी बेलापूरमध्ये, पारसिकच्या डोंगराच्या पायथ्याशी, आर्टिस्ट व्हिलेज नावाची वसाहत आहे. वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी १९८३ ते १९८६ या काळात, नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोसाठी केलेली ही रचना. साधारण सहा हेक्टर जागा, साडेपाचशेच्या आसपास कुटुंबं, आणि ४५ ते ७५ चौरस मीटरचे छोटे प्लॉट. कल्पना अशी की प्रत्येक घर स्वतंत्र, शेजाऱ्याची भिंत सामाईक नाही, त्यामुळे ज्याला जेव्हा जमेल तेव्हा त्याने आपलं घर वाढवावं. सात घरांमध्ये सुमारे आठ मीटर बाय आठ मीटरचं एक अंगण. असे तीन गट मिळून बारा बाय बारा मीटरची मोकळी जागा, आणि तशा तीन गटांमध्ये वीस बाय वीस मीटरचं आणखी मोठं मैदान. मूळची घरं पांढऱ्या भिंतींची, उतरत्या कौलारू छपरांची. आज फिरून पाहिलं तर त्यातली बरीचशी पाडून दोन-तीन मजली झाली आहेत. घरं वाढावीत हाच मूळ हेतू असल्याने त्याबद्दल तक्रार करण्यात अर्थ नाही, पण ताबा मिळाला तेव्हाचं अंगण कसं होतं हे आता फक्त जुन्या रहिवाशांच्या डोळ्यांपुढे आहे.

त्यातलेच एक काका. एका वास्तुविशारदाच्या कार्यालयातून ड्राफ्ट्समन म्हणून निवृत्त झालेले, माझ्या कॉलेजच्या मैत्रिणीचे वडील. त्यांनी आपल्या अंगणातल्या सातही घरांचं मूळ स्वरूप आठवून ट्रेसिंग पेपरवर काढून ठेवलं होतं. अंगणातल्या गणपतीच्या आरासीत यंदा ते अंगणच मांडायचं, आणि तेही विटांनी, हा मुलीचा हट्ट. मी गेली काही वर्षं सुट्या विटांवर काम करतो, म्हणून मला बोलावणं आलं. काकांची एकच अट होती. "अरे, आमच्या घरासमोरचं तुळशीवृंदावन राहता कामा नये. ते नसेल तर अंगण म्हणू नका त्याला."

प्रमाण आधी, वीट नंतर

लेगोच्या विटेची मापं पक्की आहेत. विटेवरचा गोल उंचवटा म्हणजे स्टड, आणि पातळ वीट म्हणजे प्लेट. दोन स्टडमधलं अंतर ८ मिलिमीटर, विटेची उंची ९.६ मिलिमीटर, प्लेटची उंची ३.२ मिलिमीटर, म्हणजे तीन प्लेटांची एक वीट. आजच्या विटेचं पेटंट २८ जानेवारी १९५८ चं. तेव्हापासून हे माप बदललेलं नाही, म्हणूनच आजोबांच्या विटेवर नातवाची वीट बसते.

आता आठ मीटरचं अंगण. १:१०० प्रमाण घेतलं तर ते ८० मिलिमीटर, म्हणजे बरोबर १० स्टड. गणित सुटसुटीत, पण खिडकी एका स्टडची होते आणि घर काडेपेटीएवढं. १:५० घेतलं तर एक स्टड म्हणजे ४० सेंटिमीटर, अंगण २० स्टड. एका विटेचा थर ४८ सेंटिमीटर, सहा थर २.८८ मीटर, म्हणजे एका मजल्याची उंची जवळपास तंतोतंत. एक प्लेट १६ सेंटिमीटर, म्हणजे ओट्याची नेमकी एक पायरी. लेगोची १×२×२ ची छोटी खिडकी या प्रमाणात ८० सेंटिमीटर रुंद आणि ९६ सेंटिमीटर उंच होते. काकांनी पट्टी लावून पाहिलं आणि मान डोलावली.

दाराचं मात्र जमत नव्हतं. लेगोचं तयार दार चार स्टड रुंद आणि सहा विटा उंच असतं. १:५० मध्ये ते १.६ मीटर रुंद आणि २.८८ मीटर उंच होतं, म्हणजे वाड्याचा दिंडीदरवाजा. तसंच लेगोच्या माणसाचं. तो सुमारे चार सेंटिमीटर उंच, म्हणजे या प्रमाणात दोन मीटरचा आणि रुंदीला तर भलताच. त्यामुळे तयार दारं आणि माणसं दोन्ही यादीतून पहिल्याच दिवशी बाद झाली, आणि दार दोन स्टड रुंदीची फट ठेवून मागे गडद टाइल (स्टड नसलेला गुळगुळीत तुकडा) लावून करायचं ठरलं. काय मागवायचं नाही हे असं प्रमाणातूनच ठरत गेलं.

काकांच्या स्केचप्रमाणे अंगण मधोमध ठेवून भोवती आठ चौकोन पाडले, एक वाटेसाठी सोडला, उरलेल्या सातांत घरं. सगळ्यात लहान प्लॉट साधारण १६×१८ स्टडचा होतो. अख्खी मांडणी ६० स्टडच्या आत बसली, म्हणजे ३२×३२ च्या चार बेसप्लेट (तळाच्या पाट्या) पुरल्या. चारही मिळून ५१ सेंटिमीटरचा चौरस.

यादी छाटणं

मैत्रिणीने स्टुडिओ या मोफत सॉफ्टवेअरमध्ये सातही घरं उभी केली होती. काम देखणं होतं, पण भागांच्या यादीत दीडशेच्या घरात लॉट निघत होते. नवख्यांसाठी सांगतो : लॉट म्हणजे एक आकार आणि एक रंग यांची एक जोडी. पांढरी १×२ हा एक लॉट, पांढरी १×४ हा दुसरा, तीच १×४ राखाडी असेल तर तिसरा. शंभर विटा एका लॉटच्या असोत की शंभर लॉटच्या, नग शंभरच. पण पहिल्या यादीला एक दुकान पुरतं, दुसरीला दहा लागतील. दहा दुकानं म्हणजे दहा पार्सलं, दहा टपालखर्च, आणि प्रत्येकाची किमान खरेदीची अट वेगळी. या छंदात पैसा विटांपेक्षा पार्सलांवर जास्त जातो, हे मी प्रत्येकाला सांगतो आणि फार कुणाला ते पहिल्यांदा पटत नाही.

म्हणून यादी घेऊन बसलो ती कात्री घेऊनच. भिंतींपासून सुरुवात केली. १०×१२ स्टडच्या घराचा परीघ कोपरे एकदाच धरून ४० स्टड. सहा थर म्हणजे २४०. दार आणि चार खिडक्यांचे २४ वजा केले की २१६ उरतात, सात घरांचे १५१२. वरचे तिकोनी भाग धरले तर सोळाशे-सतराशे स्टड लांबीची पांढरी भिंत. मूळ आराखड्यात यासाठी १×१ पासून १×८ पर्यंत सहा लांबींच्या पांढऱ्या विटा होत्या.

इथे एक गंमत आहे, ती नीट समजून घेण्यासारखी आहे. दारं-खिडक्या सम स्टडवर ठेवल्या तर वाटतं की १×२ आणि १×४ या दोन विटांत काम भागेल. पण कोपऱ्यात भिंती एकमेकींत गुंफायच्या असतात. एका थरात लांब भिंत टोकापर्यंत जाते, पुढच्या थरात आखूड भिंत टोकापर्यंत येते आणि लांब भिंत एका स्टडने आत सरकते. त्यामुळे एक सोडून एका थरात कोपऱ्यापासून खिडकीपर्यंतचं अंतर विषम येतं. तिथे १×३ लागते. १×३ नसेल तर १×१ भरावी लागते, आणि १×१ एका स्टडच्या जोरावर उभी राहते, भिंत तिथे लुळी पडते. १×२, १×३ आणि १×४, एवढ्या तीन लांबींत सातही घरं पूर्ण झाली. सहाचे तीन लॉट.

याच पद्धतीने अंगणाच्या फरशीचे पाच आकार होते ते दोन केले, झाडांच्या पानांचे चार हिरवे होते ते दोन केले. खिडक्यांच्या चौकटी तीन रंगांत होत्या, त्या एकाच रंगात आणल्या. मैत्रीण एका ठिकाणी अडून बसली. काकूंच्या घराची खिडकी निळी होती आणि ती निळीच हवी. ती ठेवली. सगळं छाटायचं नसतं. ज्या तपशिलावर कुणाचा जीव आहे तो एक लॉट पार्सलखर्चाच्या वरचा. शेवटी यादी साठच्या आत आली.

छपराचा प्रश्न

भिंतींचा हिशोब सोपा होता, कौलांचा नव्हता. मंगलोरी कौलांच्या छपराचा उतार सौम्य असतो. लेगोचे जुने, ओळखीचे उतार, म्हणजे तिरक्या विटा, ४५ अंशांचे, ते इथे चर्चच्या छपरासारखे दिसले असते. ३३ अंशांचे उतार आकाराने योग्य, पण त्यांचा पृष्ठभाग सपाट. सात सपाट लाल छपरं म्हणजे खेळण्यातलं घर, कौलारू घर नव्हे. शिवाय जुन्या कौलाला आम्हाला हवा तसा विटकरी-तपकिरी रंग आम्हाला पाठवू शकणाऱ्या दुकानांत त्या मोठ्या आकारांत पुरेशा संख्येने नव्हता.

मग ८५९८४ नंबरच्या भागाकडे वळलो. एक स्टड खोल, दोन स्टड रुंद आणि दोन प्लेट उंच असा छोटा उतार, पुढच्या बाजूला बारीकशी उभी कड. याच्या ओळी पायऱ्या-पायऱ्यांनी एकावर एक चढवल्या तर प्रत्येक ओळीच्या त्या कडेची सावली खालच्या ओळीवर पडते, आणि लांबून ती कौलांची रांग दिसते. उतार मात्र हवा त्यापेक्षा तीव्र होतो, एका स्टडला ६.४ मिलिमीटर चढ म्हणजे जवळपास ३९ अंश. काकांनी चार ओळींचा नमुना हातात घेऊन खिडकीतल्या उजेडात बराच वेळ फिरवला. "उतार जास्त आहे. पण ओळ दिसतेय. ओळ महत्त्वाची," म्हणाले. ड्राफ्ट्समनच्या डोळ्याने दिलेला तो निकाल होता, मी वाद घातला नाही.

हिशोब असा : दोन्ही बाजूंनी वळचण एकेक स्टड बाहेर काढली तर छप्पर १४ स्टड लांब आणि १२ स्टड खोल. मधोमध आढं, म्हणजे प्रत्येक बाजूला सहा ओळी. १४ स्टडच्या ओळीत दोन-दोन स्टडचे सात भाग. एका बाजूला ४२, एका घराला ८४, सात घरांना ५८८. अख्ख्या प्रतिकृतीतला हा सर्वांत मोठा आणि सर्वांत महाग लॉट, त्यामुळे ऑर्डर याच्याभोवती रचायची हे इथेच ठरलं. ज्या दुकानात हा भाग आहे तेच मुख्य दुकान, बाकीचं त्याच्याकडे जे मिळेल ते त्याच पार्सलमध्ये.

रंगाबद्दल एक निर्णय आम्ही मुद्दाम घेतला. सगळी कौलं एका रंगाची नकोत. रेडिश ब्राउन जास्त, त्यात डार्क रेडचे आणि डार्क ऑरेंजचे थोडे नग विखुरलेले. पावसात भिजलेलं, कुठे शेवाळलेलं, कुठे नव्याने बदललेलं छप्पर असंच दिसतं. लॉट वाढले, पण एकाच रंगाचे सहाशे नग एका दुकानात शोधण्यापेक्षा तीन रंगांत विभागून मिळणं सोपं गेलं. मात्र एक सावधगिरी बाळगायला हवी. रेडिश ब्राउन आणि डार्क रेड या दोन रंगांच्या काही वर्षांच्या उत्पादनातल्या विटा ठिसूळ असतात, काढता-घालताना तडकतात, हे या छंदातल्या लोकांना चांगलं ठाऊक आहे. म्हणून हे दोन रंग वापरलेले घ्यायचे नाहीत, नवेच घ्यायचे, असा नियम यादीत लिहून ठेवला.

कुठून मागवायचं

सुट्या भागांचा मोठा बाजार म्हणजे ब्रिकलिंक. २००० साली डॅन जेझेक यांनी सुरू केलेली ही जागा २०१९ मध्ये लेगो कंपनीने विकत घेतली. जगभरचे छोटे विक्रेते तिथे आपापलं दुकान मांडतात. स्टुडिओतली यादी तिथे वॉन्टेड लिस्ट, म्हणजे हव्या असलेल्या भागांची यादी, म्हणून चढवता येते आणि कोणत्या दुकानांतून मिळून ती पूर्ण होईल हे संगणक सुचवतो. कंपनीची स्वतःची पिक अ ब्रिक ही सेवा आहे, पण आम्ही ऑर्डर दिली तेव्हा ती भारतातल्या पत्त्यावर घेत नव्हती.

संगणकाने सुचवलेलं जसंच्या तसं घेऊ नका. त्याला विटांची बेरीज कळते, पण टपालखर्च काही दुकानदार नंतर कळवतात, आणि कस्टम्स तर त्याच्या खिजगणतीतच नाही. आम्हाला त्याने सात दुकानं सुचवली होती, त्यातली पाच युरोपात. विटांच्या किमतीत ती वाटणी सगळ्यात स्वस्त होती. हातात पडेपर्यंतच्या खर्चात ती सगळ्यात महाग पडली असती.

कस्टम्सचं थोडं समजून घेऊ. विक्रीसाठी आणलेली खेळणी सीमाशुल्काच्या यादीत ९५०३ या शीर्षाखाली येतात. त्यावरचं मूळ आयात शुल्क २०२० च्या अर्थसंकल्पात २० टक्क्यांवरून ६० टक्के झालं आणि २०२३ मध्ये ७० टक्के. शिवाय १ जानेवारी २०२१ पासून देशात विकायच्या खेळण्यांना बीआयएसचं (भारतीय मानक ब्यूरोचं) मानकचिन्ह सक्तीचं आहे. त्यामुळे सुट्या विटांचे पोतेच्या पोते आयात करून विकणारा व्यापारी इथे सहसा सापडत नाही. भारतातले ब्रिकलिंक विक्रेते माझ्या पाहण्यात बहुतांश सेट फोडून त्यातले भाग विकतात. जे भाग सेटमध्ये खूप येतात ते त्यांच्याकडे भरपूर आणि वाजवी दरात, जे क्वचित येतात ते नाहीतच.

आणि हेही लक्षात असू द्या : आयात शुल्क नुसत्या मालावर बसत नाही, मालाची किंमत, टपालखर्च आणि विमा यांच्या बेरजेवर बसतं. म्हणजे पाच पार्सलं मागवली की पाच टपालखर्चांवरही शुल्क. लॉट छाटण्याचा खरा फायदा इथे पदरात पडतो.

आमची वाटणी मग अशी झाली. छपराचे उतार, आढ्याचे भाग आणि दुर्मीळ रंग जर्मनीतल्या एकाच दुकानातून. पांढऱ्या विटा, खिडक्या, फरशी भारतातल्या दोन विक्रेत्यांकडून. बेसप्लेट इथल्याच बाजारातून. आणि छपराच्या आत, नजरेला न पडणारा जो आधाराचा सांगाडा लागतो, त्यासाठी एक रुपयाही खर्च करायचा नाही. नेरूळ-सीवूड्सच्या सोसायट्यांमध्ये मुलं मोठी झाल्यावर माळ्यावर गेलेल्या विटांचे डबे निघाले. लाल, पिवळ्या, निळ्या, मिळेल त्या. आतल्या सांगाड्याला रंग नसतो.

पांढऱ्या विटा मात्र वापरलेल्या घेतल्या नाहीत. एबीएस प्लॅस्टिक उन्हाने पिवळं पडतं, आणि दहा घरांतल्या दहा विटा दहा प्रकारे पिवळ्या पडलेल्या असतात. सतराशे स्टडच्या भिंतीवर तो फरक लपत नाही.

दुसऱ्या कंपन्यांच्या जुळणाऱ्या विटांबद्दल मैत्रिणीने विचारलं. त्या बनवण्यात बेकायदा काही नाही. मूळ पेटंटची मुदत केव्हाच संपली आणि विटेच्या आकारावर ट्रेडमार्क मिळवण्याचा कंपनीचा प्रयत्न युरोपच्या सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१० मध्ये फेटाळला. किंमत कमी, आणि हल्ली काहींचा दर्जा खरोखर चांगला असतो. माझा आक्षेप फक्त मिसळण्याला आहे. पांढरा पांढऱ्याशी जुळत नाही. अख्खी भिंत एका कंपनीची असेल तर हरकत नाही. इथे खिडक्यांच्या चौकटी मूळ कंपनीच्या, म्हणून भिंतीही तशाच घेतल्या.

माल हातात आल्यावर

भारतातली पार्सलं आधी आली. जर्मनीचं पार्सल टपालाने निघालं, बॅलार्ड इस्टेटच्या विदेश डाकघरातून सुटलं आणि ऐन पावसात बेलापूरला पोचलं. शुल्काची रक्कम पोस्टमनच्या हाती दिली आणि पार्सल घेतलं. वरच्या सीएन२२ या कस्टम्सच्या फॉर्मवर दुकानदाराने मालाचं वर्णन आणि किंमत स्वच्छ लिहिलेली होती. हे आधी पत्र लिहून सांगून ठेवावं लागतं. कधी कधी उपकार म्हणून कुणी किंमत कमी लिहितो किंवा भेटवस्तू म्हणून टाकतो. दोन्ही नको. डिसेंबर २०१९ पासून राखीसारखे मोजके अपवाद सोडले तर परदेशातून भेट म्हणून आलेल्या मालाची शुल्कमाफी बंद झाली आहे, आणि खोटी किंमत म्हणजे अडकलेलं पार्सल.

आलेला माल मोजण्याची आमची रीत सांगतो, कारण विक्रेत्याला कमी आलेले नग कळवायला मुदत थोडी असते आणि सहाशे बारीक भाग बोटांनी मोजताना हमखास चूक होते. १६×१६ ची एक प्लेट घ्यायची. तिच्यावर १×२ चे भाग खेटून लावले तर एका ओळीत आठ, सोळा ओळींत १२८. प्लेट भरली की १२८. चार प्लेटा म्हणजे ५१२, वर पाचवीवर ७६ बसले की ५८८. रिकामी जागा डोळ्याला लगेच दिसते, वेगळ्या रंगाचा नग तर ओरडून सांगतो. काकांना हे इतकं आवडलं की बाकीचे सगळे लॉट त्यांनीच असे लावून मोजले, आणि प्रत्येक प्लेटचा मोबाइलवर फोटो काढून ठेवला. पुढे तोच फोटो उपयोगी पडला.

ओट्यांसाठी मागवलेल्या राखाडी प्लेटांमध्ये गडबड निघाली. लेगोने २००४ च्या सुमारास आपला राखाडी रंग बदलला. जुना थोडा पिवळसर, नवा निळसर. ब्रिकलिंकवर ते दोन वेगळे रंग म्हणून नोंदले जातात, लाइट ग्रे आणि लाइट ब्लुइश ग्रे. कंपनी मात्र नव्या रंगाला मिडियम स्टोन ग्रे म्हणते, त्यामुळे दोन ठिकाणच्या याद्या ताडून पाहणारा हमखास बुचकळ्यात पडतो. आम्ही निळसर मागवला होता, एका विक्रेत्याच्या पाकिटात दोन्ही मिसळलेले होते. दिव्याखाली फरक कळत नव्हता, खिडकीशी नेल्यावर स्पष्ट दिसला. फोटो पाठवल्यावर विक्रेत्याने तेवढ्या नगांचे पैसे परत दिले. पिवळसर प्लेटा काकांनी परत पाठवू दिल्या नाहीत, त्या वाटेच्या कडेला घातल्या. सिमेंट जुनं झालं की असंच दिसतं, हे त्यांचं म्हणणं खरं आहे.

प्रत्येक बारीक लॉटमध्ये थोडे नग जादा घ्यावेत, शंभराला पाचेक. एक हरवलेली टाइल पुन्हा मागवायची तर तिचं टपाल तिच्या शंभरपट पडतं.

तुळस

यादीतला सगळ्यात छोटा भाग, आणि सगळ्यात जास्त वेळ त्याच्यावर गेला. वृंदावनासाठी आधी दोन-तीन रचना केल्या, सगळ्या अंगणाच्या मानाने अवाढव्य. शेवटी ४७३३ नंबरची वीट घेतली. १×१ ची, पण वर एक आणि चारही बाजूंना एकेक स्टड असलेली. १:५० मध्ये ती ४० सेंटिमीटर चौरस आणि ४८ सेंटिमीटर उंच, वृंदावनाचं माप नेमकं. खाली २×२ ची प्लेट म्हणजे जोतं. चार बाजूंच्या स्टडवर १×१ च्या टाइल लावल्या की चार देवळ्या. वर तीन पानांची गोल १×१ प्लेट, नंबर ३२६०७, ती तुळस. सात भागांत वृंदावन उभं राहिलं. पुढच्या बाजूची टाइल काकांनी काढायला लावली, तिथला स्टड उघडा ठेवला. "पणती ठेवायची जागा आहे ती." त्या स्टडवर पारदर्शक केशरी रंगाचा १×१ चा गोल भाग बसवला.

पुढची यादी

प्रतिकृती चार तुकड्यांत नेता येते, खाली एमडीएफचा पाट आहे, कारण बेसप्लेट एकटी उचलली की वाकते. गणपतीत अंगणातल्या मुलांनी आपापली घरं शोधली आणि बहुतेकांना ती सापडली नाहीत, कारण त्यांच्या जन्माआधीच ती वाढली होती. त्यावरून काकांनी नवं काम काढलंय. त्यांच्या घरावर पहिला मजला चढला, तो त्यांना उचलून ठेवता येईल असा वेगळा करून हवाय. जादा मागवलेल्या पांढऱ्या विटा भिंतींना बहुतेक पुरतील. अडतंय ते बाहेरच्या जिन्याशी. २.८८ मीटर चढायला १६ सेंटिमीटरच्या अठरा पायऱ्या, म्हणजे अठरा प्लेटा. प्रत्येक पायरी एक स्टड खोल धरली तर जिना जवळपास सव्वासात मीटर लांब होतो आणि थेट शेजारच्यांच्या दारात जातो. अर्ध्या स्टडने सरकणाऱ्या पायऱ्या हव्यात, म्हणजे निम्म्या पायऱ्यांखाली १५५७३ नंबरच्या जंपर प्लेटा, म्हणजे मधोमध एकच स्टड असलेल्या १×२ च्या प्लेटा. त्या राखाडीत, आणि या वेळी निळसरच. भारतातल्या एका विक्रेत्याकडे त्या दिसतायत. त्याच्या किमान खरेदीची रक्कम भरून काढायला सोबत काय घ्यावं, यावर बापलेकीचं अजून एकमत झालेलं नाही.